बांदोड्याचं घर विकलं: एका सेल डीडवर दोन वेगळे कर

गेल्या वर्षी, २०२५च्या ऑगस्टमध्ये आम्ही गोव्यातलं बांदोड्याचं जुनं घर विकलं. सासऱ्यांनी ते १९७९ साली घेतलं होतं, त्यांच्या पश्चात दोन मुलांच्या नावावर आलं. आमचे हे फोंड्यात दुकान चालवतात, धाकटे भावजी वीस वर्षं मस्कतला आहेत. किंमत साठ लाख, दोघांना तीस-तीस. सह्या एकाच दिवशी, एकाच सेल डीडवर झाल्या. तरी भांडवली नफ्याचा कर आम्हाला २,३२,९६० रुपये आला आणि भावजींना ३,२५,०००. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं, पण या ९२ हजारांचा उगम मला सही झाल्यानंतर कळला. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून सगळं ओळीने सांगते.

पहिलं काम: घराची २००१ सालची किंमत काढून घ्या. १ एप्रिल २००१च्या आधी घेतलेल्या मालमत्तेला मूळ खरेदीची किंमत धरायची सक्ती नाही, त्या तारखेचा बाजारभाव धरता येतो. सासऱ्यांच्या कागदावरची रक्कम काही हजारांत होती. आम्ही सरकारमान्य व्हॅल्युअरकडून जमीन आणि बांधकाम मिळून दहा लाखांचा दाखला घेतला, म्हणजे आमच्या वाट्याला पाच लाख. या किमतीला एक मर्यादा आहे: त्या तारखेचं मुद्रांक शुल्काचं मूल्य (ज्या सरकारी किमतीवर हे शुल्क लागतं ती) उपलब्ध असेल तर त्याच्या वर जाता येत नाही. व्हॅल्युअरला हे पहिल्याच भेटीत विचारा.

आता दर. मालमत्ता २४ महिन्यांहून जास्त काळ हातात असेल तर नफा दीर्घकालीन धरतात, आणि वारशाच्या घरात वाडवडिलांची वर्षंही मोजली जातात. २३ जुलै २०२४ पासून दर साडेबारा टक्के झाला, पण महागाईचा इंडेक्स, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायची सवलत, काढून घेतला. मात्र त्या तारखेच्या आधी घेतलेली जमीन किंवा घर निवासी भारतीयाने विकलं, तर त्याला जुन्या पद्धतीने, इंडेक्स लावून वीस टक्क्यांनी हिशेब करून बघता येतो, आणि जो कर कमी येईल तेवढाच भरायचा. आमचा हिशेब असा: २०२५-२६ चा इंडेक्स ३७६, २००१-०२ चा १००. पाच लाखांचे झाले १८.८० लाख. तीस लाखांतून वजा केल्यावर नफा ११.२० लाख, त्याचे वीस टक्के २,२४,००० आणि वर चार टक्के सेस. इंडेक्सशिवाय नफा २५ लाख, साडेबारा टक्क्यांनी ३,१२,५०० अधिक सेस. ज्यांची किंमत २००१ची आहे त्यांना घरी बसून पडताळता येईल: २०२५-२६ मधल्या विक्रीची किंमत २००१च्या किमतीच्या ८.३६ पटींपेक्षा कमी असेल तर वीस टक्के स्वस्त, जास्त असेल तर साडेबारा. आमचं घर सहा पटींत बसलं. म्हापशाच्या आसपास भाव इतके चढलेत की तिथे बहुतेकांना साडेबाराच परवडेल असं मला वाटतं.

वारशाच्या घराला इंडेक्स कुठल्या वर्षापासून लावायचा, हा वाद जुना आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली बक्षिसाने मिळालेल्या मालमत्तेच्या खटल्यात मूळ मालकाचं वर्ष धरायला सांगितलं. तेच तत्त्व वारशाला लागतं, आणि गोवा त्याच न्यायालयाखाली येतो. तुमचा सीए सासरे वारले ते वर्ष धरून बसला तर त्याला हा निकाल दाखवा.

भावजींचं काय झालं? वीस टक्क्यांची ही सवड फक्त निवासींना आहे. अनिवासीला साडेबारा टक्के, इंडेक्स नाही. निवासी कोण, हे त्या आर्थिक वर्षात भारतात किती दिवस राहिलात त्यावर ठरतं. ठोकळ मानाने १८२ दिवस. घर कुठे आहे, याला तिथे अर्थ नाही. भावजी डिसेंबरात कायमचे परत आले. मार्चअखेरपर्यंत त्यांचे जेमतेम चार महिने भरले, त्यामुळे ते वर्ष अनिवासीच राहिलं. सेल डीड एप्रिल २०२६ नंतर केलं असतं तर तेही आमच्यासारखेच मोजले गेले असते. गिऱ्हाईक थांबायला तयार होतं. आम्ही विचारलंच नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. परदेशातून परतायच्या बेतात असलेल्यांनी आधी दिवस मोजावेत, मग सेल डीडची तारीख घ्यावी.

अनिवासीच्या बाबतीत दुसरा जाच टीडीएसचा, म्हणजे घेणाऱ्याने पैसे देतानाच कापायच्या कराचा. निवासी विकणारा असेल आणि व्यवहार पन्नास लाखांचा किंवा वरचा असेल तर घेणारा एक टक्का कापतो. ऑक्टोबर २०२४ पासून वाटे वेगळे धरत नाहीत, एकूण किंमत बघतात, म्हणून तीस लाखांवर आमचेही तीस हजार कापले गेले. अनिवासीचे मात्र साडेबारा टक्के अधिक सेस, आणि खबरदारी म्हणून घेणारा ते पूर्ण रकमेवर कापतो. भावजींचे ३,९०,००० कापले. कर तर सव्वातीन लाखच होता. पासष्ट हजार परताव्यात अडकले. विक्रीच्या आधी आयकर खात्याकडे कमी कपातीच्या दाखल्याचा अर्ज केला तर हे टळतं, पण त्याला काही आठवडे द्यावे लागतात. विकणारा परदेशात राहतो हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगा. त्याने एकच टक्का कापला तर उरलेली रक्कम खातं त्याच्याकडून वसूल करतं.

आता खास आपल्या गोव्याची गोष्ट, जी बाहेरच्या सीएला बहुधा ठाऊक नसते. आमचं लग्न १९८९ साली सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन सह्या करून नोंदलेलं आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. म्हणूनच सेल डीडवर माझी सही लागली. आयकर कायद्याचं कलम ५-ए याच पायावर उभं आहे: पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं. माझी पेन्शन पगारात मोडते म्हणून ती माझी एकटीची; दुकानाचा नफा आणि या घराचा नफा दोघांत वाटला गेला. घोळ असा झाला की टीडीएस पूर्ण यांच्याच पॅनवर जमा झाला. रिटर्नमध्ये शेड्युल ५-ए भरून त्यातले पंधरा हजार माझ्याकडे घ्यावे लागतात. रिटर्नचा सोपा ‘सहज’ फॉर्म अशा जोडप्यांना चालत नाही. माझ्या ओळखीच्या दोन शिक्षिका वर्षानुवर्षं तोच भरत होत्या.

आमच्या शेजारी ठाण्याहून कायमचं राहायला आलेलं जोडपं आहे. त्यांनी विचारलं, आम्हालाही निम्मं-निम्मं मिळेल ना? नाही. गोव्यात राहिल्याने ५-ए लागत नाही. ज्यांच्या लग्नाला इथला कायदा लागतो त्यांच्यापुरतं ते आहे. त्यांनी ठाण्याचा फ्लॅट विकून इथे प्लॉट घेतला होता आणि कर माफ झाला असं धरून चालले होते. राहतं घर विकून झालेला नफा दुसऱ्या राहत्या घरात घातला तर कलम ५४ खाली सूट आहे: विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांनंतरपर्यंत विकत घ्यायचं, किंवा तीन वर्षांत बांधायचं. नुसता प्लॉट त्यात बसत नाही, त्यावर घर उभं राहायला हवं. रिटर्नच्या मुदतीपर्यंत पैसे खर्च झाले नसतील तर बँकेत कॅपिटल गेन्स अकाउंटमध्ये ठेवायचे; साध्या बचत खात्यात पडून राहिले तर सूट जाते. नफा दोन कोटींपर्यंत असेल तर आयुष्यात एकदा दोन घरं घेता येतात, एक मुलांजवळ आणि एक इथे, असं ज्यांना हवं त्यांनी हे लक्षात ठेवावं. सहा महिन्यांत पन्नास लाखांपर्यंत सरकारी कंपन्यांचे बाँड घेण्याचाही मार्ग आहे, पण पाच वर्षं पैसे अडकतात आणि व्याज सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. आम्ही कर भरून मोकळे झालो.

भाट, कुळागर (नारळी-पोफळीच्या बागा) किंवा शेत विकणाऱ्यांनी आधी अंतर मोजावं. ग्रामीण शेतजमिनीवर हा कर नाही. दहा हजारांवर आणि एक लाखापर्यंत लोकसंख्या असलेल्या पालिकेच्या हद्दीपासून हवाई अंतराने दोन किलोमीटरांच्या बाहेर असेल तर जमीन ग्रामीण धरतात. फोंडा पालिका दहा हजारांच्या वर आहे, वाळपई २०११च्या जनगणनेत खाली होती. म्हणून वाळपईलगतची कुळागरं आणि फोंड्यालगतची भाटं यांचा हिशेब वेगळा होतो. सर्व्हे ऑफिसच्या नकाशावर अंतर दाखवून दाखला घ्या.

सेल डीडवर किंमत कमी लिहून बाकी रोख देतो, असं आम्हाला एका गिऱ्हाइकाने सुचवलं. मी तिथेच बोलणं थांबवलं. सरकारी मूल्य लिहिलेल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघालं तर कर सरकारी मूल्यावरच बसतो, आणि घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

कागदांत एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा), वारसाहक्काचा इन्व्हेंटरीचा आदेश किंवा सक्सेशन डीड, घरपट्टीच्या पावत्या आणि व्हॅल्युअरचा दाखला एका फायलीत ठेवा. विक्रीनंतर येणाऱ्या आगाऊ कराच्या हप्त्यांत रक्कम भरली की व्याज लागत नाही. आमचं ऑगस्टमध्ये झालं, १५ सप्टेंबरला आम्ही दोघांचे वेगवेगळे चलान भरले. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा यंदा विकणाऱ्यांनी सीएकडून नवे आकडे लिहून घ्यावेत.