जुनं पोस्टाचं तिकीट ओळखायचं कसं?

जुन्या तिकिटांचं पाकीट हातात आलं की बरेच जण लगेच मोबाईलवर फोटो काढून सर्च मारतात आणि जे पहिलं सारखं दिसेल तेच आपलं तिकीट असं धरून चालतात. देश आणि साधारण काळ कळायला फोटो सर्च बिनधास्त वापरा, पण नेमकं तिकीट कुठलं हे नुसत्या चित्रावरून ठरत नाही, कारण एकच चित्र वर्षानुवर्षं छापलं जायचं आणि मधेच कागद बदलायचा, छिद्रं पाडायचं मशीन बदलायचं, छपाईची पद्धतसुद्धा बदलायची.

सुरुवात देशापासून. नावच नसेल आणि राजाराणीचा चेहरा असेल तर बहुतेक ब्रिटन, 1840 च्या पेनी ब्लॅकपासून (त्यांचं पहिलं तिकीट) आजपर्यंत त्यांनी तिकिटावर देशाचं नाव घातलेलं नाही. हेल्वेटिया म्हणजे स्वित्झर्लंड, मॅग्यार म्हणजे हंगेरी, सुओमी म्हणजे फिनलंड, ही नावं हळूहळू पाठ होतात. तिकिटावर नंतर काही छापलेलं असेल, म्हणजे ओव्हरप्रिंट, तर कॅटलॉगमध्ये, म्हणजे तिकिटांच्या क्रमांकवार यादीच्या पुस्तकात, ते वेगळं तिकीट असतं. जर्मनीत 1923 साली महागाई इतकी झपाट्याने वाढत होती की असलेल्याच तिकिटांवर नव्या किमती छापल्या गेल्या.

आता खरं काम. चिमटा, दहापट दाखवणारं भिंग आणि परफोरेशन गेज (कडेची छिद्रं मोजायची पट्टी) एवढं जवळ हवंच. बोटांनी तिकीट उचलू नका, बोटांचं तेल कागदाला लागतं.

परफोरेशनचा आकडा म्हणजे 2 सेंटीमीटरमध्ये किती छिद्रं बसतात तो. तिकीट गेजवर सरकवत न्यायचं आणि सगळे दात खुणांवर बरोबर बसले की तो आकडा घ्यायचा, एखादा दात जरी सरकलेला वाटला तरी पुढच्या ओळीवर लावून बघायचं. कॅटलॉगमध्ये 15 x 14 लिहिलं असेल तर पहिला आकडा आडव्या बाजूचा, दुसरा उभ्या. दोन्ही बाजू मोजाच!

हे का एवढं महत्त्वाचं ते अमेरिकेच्या 2 सेंटच्या लाल वॉशिंग्टनवरून कळतं. 1908 ते 1922 च्या दरम्यान वॉशिंग्टन-फ्रँकलिनची ही मालिका निघाली, चेहरा तोच, रंगही जवळपास तोच, पण सुरुवातीला परफोरेशन 12, मग 1914 पासून 10, नंतर 11, आणि वॉटरमार्क (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली पुसट खूण) आधी दुहेरी रेषेच्या अक्षरांचा, 1910 पासून एकेरी रेषेचा, 1916 पासून वॉटरमार्कच नाही. मोजल्याशिवाय आणि उलटं करून बघितल्याशिवाय कॅटलॉगमधला नंबर लागणं शक्य नाही.

वॉटरमार्क बघायला तिकीट काळ्या गुळगुळीत ट्रेमध्ये पालथं ठेवा, कधीकधी तेवढ्यानेच दिसतो. नाहीतर वॉटरमार्क फ्लुइडचे दोनचार थेंब टाका, जिथे कागद पातळ तिथे गडद दिसतं, पण काही शाया त्यात विरघळतात म्हणून आधी त्याच प्रकारच्या फाटक्या तिकिटावर करून बघा.

छपाई भिंगाखालीच कळते. कोरीव प्लेटची असेल तर शाई कागदावर उठून आलेली दिसते, लिथो (सपाट प्लेटवरून केलेली छपाई) सपाट असते, टायपोग्राफीत (उठावदार ठशाच्या छपाईत) शाई रेषेच्या कडेला साचते आणि मागे हलका दाब उमटतो, फोटोग्रॅव्ह्युअरमध्ये बारीक ठिपक्यांची जाळी.

भिंगाची खरी मजा 1864 पासूनच्या पेनी रेडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या एक पेनीच्या लाल तिकिटात आहे. चारही कोपऱ्यांत अक्षरं असतात, त्यावरून तिकीट शीटमध्ये कुठे होतं ते कळतं, आणि डाव्या-उजव्या बाजूच्या नक्षीत प्लेट नंबर (तिकीट कुठल्या छपाईच्या प्लेटवरून आलं तो) इतका बारीक लपवलेला असतो की नुसत्या डोळ्याला ती फक्त वेलबुट्टी वाटते. तिकीट थोडं तिरपं धरा, दोन्हीकडचे आकडे ताडून बघा, एकीकडे शिक्का आला असेल तर दुसरीकडे सापडतो. नंबर 71 पासून 225 पर्यंत आहेत (मधले काही वापरलेच नाहीत), आणि 77 नंबरची अगदी मोजकी तिकिटं माहीत आहेत.

रंग शेवटी बघा आणि दिवसाच्या उजेडातच बघा. उन्हाने, ओलीने रंग बदलतो, त्यामुळे नुसत्या रंगावरून दुर्मिळ शेड ठरवू नका. बिनछिद्राचं तिकीट मिळालं तर कडेची मोकळी जागा बघा, साध्या तिकिटाची छिद्रं कापून असली तिकिटं बनवतात, समास अरुंद असला की संशय घ्या.

एवढं झालं की मग कॅटलॉग उघडा. स्टॅन्ली गिबन्स, स्कॉट, मिशेल यांचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून नंबरासोबत कॅटलॉगचं नावही लिहा, आणि ते अल्बमच्या पानावर, तिकिटाच्या पाठीवर कधीच नाही. नंबर दुर्मिळ निघाला तर विकत घ्यायच्या किंवा विकायच्या आधी तज्ज्ञांकडून सर्टिफिकेट करून घ्या, तोवर ते साधंच तिकीट समजा.