पावसाळ्यात जुनं दुखणं, सेवेचं काम आणि छंद यांचा मेळ कसा घालायचा

संधिवात, जुनी पाठदुखी किंवा फायब्रोमायल्जिया (अंगभर सतत दुखत राहण्याचा आजार) असलेल्या माणसाने सेवेचं काम घेताना ‘आठवड्याला किती तास?’ हा प्रश्न नंतर विचारावा. आधी विचारायचं ते हे: आपण ऐनवेळी गेलो नाही तर कुणाचं काय अडेल? दुखणं तारीख देऊन येत नाही आणि जुलैतला पाऊसही नाही. दोन्ही एकदम आले की ज्या कामात दुसऱ्याचं अडतं, ते काम आपण ओढूनताणून करतो आणि पुढचे चार दिवस अंथरुणात काढतो.

अंध विद्यार्थ्याचा लेखनिक होणं फार मोलाचं काम आहे. पण तीन तासांच्या पेपराला तासामागे किमान 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे चार तास बसून लिहायचं. सकाळी बोटं मिटेनाशी झाली तर त्या मुलाचा पेपर धोक्यात. हे काम राखीव यादीत राहून करावं, पहिलं नाव आपलं नको. गणपती मंडळाच्या सजावटीचंही तसंच. तिथे ‘जरा बसते’ म्हटलं की कुणीतरी हातात दुसरं काम देतंच.

त्याउलट मराठी विकिस्रोतावर, म्हणजे जुनी पुस्तकं सगळ्यांना मोफत वाचायला देणाऱ्या संकेतस्थळावर, पानं तपासण्याचं काम घ्या. डावी-उजवीकडे स्कॅन केलेलं पान आणि यंत्राने ओळखलेला मजकूर असतो, चुका दुरुस्त करायच्या. न तपासलेलं पान लाल, एकदा तपासलेलं पिवळं, दुसऱ्या कुणी पडताळलं की हिरवं. अर्ध्यावर थांबलात तर पान लालच ठेवून जतन करा, उरलेलं उद्या तुम्ही करा नाहीतर दुसरं कुणी करेल. कुणाचं काही अडत नाही. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना ठरावीक दिवशी वीस मिनिटं फोन करणं, वह्यांवर बसल्या जागी नावं चिकटवणं, ही कामंही तुकडे पडणारी. ऑडिओ पुस्तकाचं वाचन चांगलं, पण पत्र्यावर सर वाजत असताना केलेलं रेकॉर्डिंग फुकट जातं. अशा दिवशी आधीचं रेकॉर्डिंग ऐकून चुकांच्या वेळा टिपून ठेवाव्यात.

काम घेतानाच समन्वयकाला स्पष्ट लिहून टाका, तोंडी सांगितलेलं विसरतं. मजकूर एवढा पुरे: ‘ताई, आठवड्याला दोन तास जमतील. कोणत्या दिवशी ते आदल्या रात्री कळवेन. जून ते सप्टेंबर प्रवासाचं आणि उचलण्याचं काम नको. एखादा आठवडा जमलं नाही तर पुढच्या आठवड्यात भरून काढणार नाही.’ शेवटचं वाक्य उद्धट वाटतं, तरी गाळू नका. ‘भरून काढण्या’तच कंबर मोडते.

<b>आपला आकडा काढणं</b>

अंदाजाने ठरवलेली वेळ नेहमी जास्त निघते, म्हणून मोजा. एक काम निवडा, समजा क्रोशा. तीन वेगवेगळ्या दिवशी, त्यातला एक तरी वाईट दिवस असू द्या, सुरुवात केल्यापासून दुखणं वाढायला लागेपर्यंतची मिनिटं वहीत लिहा. 25, 15 आणि 20 आली तर सरासरी 20. त्याचे तीन चतुर्थांश, म्हणजे 15 मिनिटं, हा तुमचा आकडा. मुसळधार पावसाच्या किंवा वाईट रात्रीनंतरच्या दिवसासाठी त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे 10. प्रत्येक तुकड्यानंतर पाच मिनिटं उठून चालायचं, हात सैल सोडायचे. दिवसाला तीन तुकडे झाले की सुई खाली.

हे बिघडतं ते वाईट दिवशी नव्हे, चांगल्या दिवशी. आठवडाभराच्या झडीनंतर ऊन पडतं, अंग हलकं वाटतं आणि माणूस राहिलेलं सगळं उरकायला बसतो. त्या दिवशीही 15 म्हणजे 15. आठवडाभर ते त्रास न होता जमलं तरच पुढच्या आठवड्यात दहा टक्के वाढवा, म्हणजे दीड मिनिट. हास्यास्पद वाटतं, पण दोन-तीन महिन्यांत हाच आकडा दुपटीच्या जवळ जातो.

घड्याळाचा गजर हाताशी ठेवलात तर तो बंद करून तुम्ही ‘एवढी ओळ संपवते’ म्हणणारच. मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, उठावंच लागेल. छंदात तर गजराशिवाय भागतच नाही, कारण मन रमलं की दुखणं जाणवत नाही. ते जाणवतं रात्री, कूस बदलताना.

आणखी एक हिशेब बहुतेक जण चुकवतात. सेवेचं टायपिंग आणि छंदाचं विणकाम हे दोन वेगळे विरंगुळे वाटतात, पण मनगटाच्या दृष्टीने ते एकच खातं. दुपारी तीन पानं तपासून संध्याकाळी क्रोशा घेतला तर दोन्ही मिळून तीन तुकडे धरा. जोड्या लावताना सांधे वेगळे ठेवा: फोनवरच्या सेवेच्या दिवशी हाताचा छंद, टायपिंगच्या दिवशी गाणं ऐकणं किंवा गुणगुणणं. मोबाइलच्या कीबोर्डवर माइक दाबून मराठीत बोललं की बराचसा मजकूर आपोआप उमटतो, तेवढीच बोटं वाचतात.

पावसाने दुखणं वाढतं का, यावर घरोघरी वाद असतो. ब्रिटनमधल्या 2,658 जणांच्या रोजच्या नोंदींवरचा एक अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. दमट, वाऱ्याच्या आणि हवेचा दाब उतरलेल्या दिवशी जास्त दुखण्याची शक्यता थोडी वाढलेली त्यात दिसली. थोडीच. पावसाने फिरणं बंद पडतं, त्यानेही सांधे आखडतात. म्हणून घरातल्या घरात, दारापासून खिडकीपर्यंत का होईना, दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं चाला.

<b>दमट हवेत हातकाम</b>

घामट बोटांत धातूची क्रोशाची सुई निसटते, मग आपण ती आवळून धरतो आणि अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. 2 मिलिमीटरच्या बारीक सुईची लेस ऑक्टोबरवर ढकला. आता 5 मिलिमीटरची सुई आणि जाडसर लोकर घ्या, मुठीपाशी पेन्सिलला लावतात ती रबरी पकड चढवा. सुती दोरा दमटपणात ओढून चालतो, ॲक्रिलिक जरा सुळसुळीत राहतं. हाताला चिमूटभर टाल्कम पावडर लावली तरी फरक पडतो.

गोधडीचं दुखणं वेगळं. जमिनीवर पसरून, गुडघे दुमडून, वाकून टाके घालायची आपली रीत पाठीला जड. बारा-बारा इंचांचे चौकोन करा, टेबलावर बसून एकेक भरा, जोडणी नंतर मशीनवर. जुन्या साडीचे पाच थर घेतलेत तर प्रत्येक टाक्याला अंगठा रेटावा लागतो. तीन थर पुरतात. कापड सादळलेलं असेल तर सुई अडते आणि वास धरतो तो वेगळाच, म्हणून आधी पंख्याखाली रात्रभर वाळवा. धाग्याला मेण लावा, मधल्या बोटात अंगुस्तान घाला. सुई पलीकडून बाहेर येत नसेल तर फुटलेल्या फुग्याचा तुकडा तिच्यावर धरून ओढा. चिमटीची निम्मी ताकद लागत नाही. गंजलेली सुई सरळ टाकून द्या.

जलरंग मात्र पावसाळ्यात आपल्या बाजूने असतात. हवेत ओल असल्याने पहिला हात वाळायला बराच वेळ घेतो, घाई केली तर रंग मातकट होतात. तेव्हा दहा मिनिटं रंगवा आणि वाळेपर्यंत आडवं व्हा. कागद 300 जीएसएमचा घ्या, पातळ कागद फुगतो. पॅलेट ओली मिटून ठेवू नका, दोन दिवसांत बुरशी धरते.

काम सुरू करण्याआधी शेक. रबरी पिशवीत उकळतं पाणी घालू नका, गरम पाण्याने दोन तृतीयांश भरा, हवा काढून झाकण लावा, टॉवेलात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं ठेवा. विजेवरची जेलची पिशवी असेल तर पिन काढल्यावरच अंगाला लावायची. बाम चोळलेल्या जागी शेक दिला तर कातडी भाजते. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर तिथे शेक नकोच, आणि सुजलेल्या, लाल, गरम सांध्यालाही नको.

<b>बाहेर पडावंच लागलं तर</b>

छत्री एका हातात, काठी दुसऱ्या, पिशवी खांद्याला: घसरण्याची तयारी पूर्ण झाली. रेनकोट आणि पाठीवरची सॅक बरी. पावसाळी प्लास्टिकच्या चपला फरशीवर सटकतात, खोल नक्षीच्या तळाचे रबरी बूट घ्या. काठीच्या टोकाचं रबर उलटं करून बघा. त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या असतील तर नवं बसवा, आणि आत शिरताना पायपुसण्यावर काठीही पुसा.

साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं, विशेषतः पायाला जखम असताना, तर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळीबद्दल लगेच डॉक्टरांना विचारा. त्यानंतरच्या महिनाभरात ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं यांपैकी काही झालं तर ते ‘नेहमीचं दुखणं’ नव्हे. ताप आणि सांधेदुखी एकदम आली तर डेंग्यू किंवा चिकुनगुन्या असू शकतो. रक्ताची तपासणी होईपर्यंत घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिनची गोळी आपल्या मनाने घेऊ नका, डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही चिठ्ठीवरच्या मात्रेत. डॉक्टरांनीच हृदयासाठी ॲस्पिरिन दिली असेल तर ती चालू ठेवायची का, हे त्यांनाच त्याच दिवशी विचारा. मेथोट्रेक्सेट किंवा स्टिरॉइड (संधिवातावर देतात ती, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं) चालू असेल तर ते आधी सांगा आणि मिनिटांची ती वही बरोबर न्या. रोजचं दुखणं कुठवर असतं आणि हे नवं कुठून सुरू झालं, ते डॉक्टरांना त्यात दिसेल.