रात्रीची पंधरा मिनिटं: रोजच्या दिवसात देवाची दिशा कशी ओळखावी

देव आपल्याला मार्ग दाखवतो का, हा प्रश्न बहुतेक ख्रिस्ती घरांत मोठा निर्णय समोर आला की मगच निघतो. मुलीचं स्थळ, आखातातली नोकरी, गावची जमीन विकायची की ठेवायची. मग नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू होतो, उपास होतात, फादरांना किंवा पाळकांना फोन जातात, आणि एवढं करूनही उत्तर मिळालं की नाही ते कळत नाही. शमुवेल लहान असताना देवाने त्याला हाक मारली, तेव्हा तो तीनदा उठून एली याजकाकडेच धावत गेला (१ शमुवेल ३). हाक खरी होती, पण ती कोणाची हे ओळखण्याइतका त्याचा कान अजून सरावला नव्हता.

कान सरावण्याची एक जुनी पद्धत आहे. तिला रोज १५ मिनिटं, एक वही आणि एक पेन लागतं. कॅथलिक परंपरेत तिला एक्झामेन म्हणतात. आपण आत्मपरीक्षण म्हणू. संत इग्नेशियस लोयोला यांच्या ज्या साधनापुस्तिकेला १५४८ साली पोप पॉल तिसरे यांनी मान्यता दिली, तिच्या ४३ व्या परिच्छेदात तिचे पाच टप्पे आहेत. प्रॉटेस्टंट मंडळींनाही ती परकी वाटू नये. १३९ व्या स्तोत्राच्या शेवटी ‘माझी झडती घे आणि मला सनातन मार्गाने चालव’ असं जे मागणं आहे, तेच इथे रोज रात्री मागायचं.

या पद्धतीचं मूळ समजलं की ती करणं सोपं जातं. १५२१ च्या मे महिन्यात स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून इग्नेशियस यांचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी ते कित्येक महिने अंथरुणाला खिळून होते. वाचायला त्यांनी वीरकथा मागितल्या, पण घरात ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा एवढंच होतं. पडल्या पडल्या ते दोन प्रकारची स्वप्नं रंगवत. एक म्हणजे दरबारातल्या एका स्त्रीसाठी पराक्रम गाजवण्याचं, आणि दुसरं संत फ्रान्सिस किंवा संत डॉमिनिक यांच्यासारखं जगण्याचं. रंगवताना दोन्ही गोड वाटत. पण पहिलं संपलं की मन कोरडं, असमाधानी होई. दुसरं संपल्यावरही प्रसन्नता टिकून राही. हा फरक लक्षात यायला त्यांना बराच काळ लागला. या १५ मिनिटांत आपल्याला शोधायची आहे ती हीच, गोष्ट होऊन गेल्यावर मागे उरलेली चव.

तयारी

वही शाळेची, एकेरी रेघांची, १०० पानी असली तरी पुरते. मोबाईलमध्ये लिहू नका. एक मेसेज वाजला की मन घरभर फिरून येतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. खुर्ची ठरलेली असू द्या. पलंगावर बसलात तर चौथ्या मिनिटाला डोळा लागेल, आणि ही पद्धत सोडून देणाऱ्यांपैकी कितीतरी जण याच कारणाने सोडतात. ज्या घरात संध्याकाळी रोझरी (माळेची प्रार्थना) होते, तिथे ती संपल्या संपल्या, जेवणाआधी बसणं सर्वांत चांगलं. उशिरा घरी येणाऱ्यांनी मनातला भाग विरार लोकलमध्ये, बोरिवली सुटल्यावर उरकावा आणि घरी येऊन फक्त चार ओळी लिहाव्यात. उभं राहूनही हे जमतं. इग्नेशियस यांनी स्थापन केलेल्या येशूसंघात हे दुपारी आणि रात्री असं दोनदा करण्याचा नेम आहे. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर स्टीफन्स याच संघाचे. संसारी माणसाला एकदाच पुरे.

पंधरा मिनिटांचे पाच भाग

पहिली तीन मिनिटं आभार. दिवसातल्या तीन गोष्टी, पण नेमक्या. ‘आरोग्यासाठी, कुटुंबासाठी धन्यवाद’ असं म्हटलं की तोंड चालतं आणि मन झोपतं. ‘सुटे नव्हते तेव्हा रिक्षावाल्या काकांनी पाच रुपये सोडून दिले’, ‘बाबांचा खोकला दुपारनंतर थांबला’ असं म्हणा. सुरुवात आभारानेच का? थेट तपासणीला बसलं तर मन एकतर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहतं, नाहीतर वकिली करू लागतं. दोन्ही अवस्थांत खरं काही दिसत नाही.

पुढचं एक मिनिट प्रकाश मागायचा. ‘पवित्र आत्म्या, आजचा दिवस मला तुझ्या नजरेने दाखव’ एवढं एकच वाक्य, सावकाश.

मग सहा मिनिटं दिवसाची उजळणी. तासातासाने जायचं असा मूळचा प्रघात आहे, पण सुरुवातीला ठिकाणांप्रमाणे जाणं सोपं पडतं: घर, प्रवास, काम, परतीची वाट, स्वयंपाकघर. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: इथे मन मोकळं झालं, की आवळलं गेलं? पटकन आठवत नसेल तर शरीराला विचारा. जबडा कुठे घट्ट झाला होता, श्वास कुठे सैल पडला होता. चूक-बरोबर आत्ता ठरवू नका. एक-दोन ठिकाणीच थांबा, बाकीचं जाऊ द्या.

त्यानंतर दोन मिनिटं क्षमा. एकच गोष्ट, तिचं नाव घेऊन. गंभीर पाप असेल तर कॅथलिकांनी ते पापनिवेदनासाठी लिहून ठेवावं; ज्याला दुखावलं त्याला उद्या सॉरी म्हणणं शक्य असेल तर तेही. मग तो विषय तिथेच ठेवून पुढे जायचं.

शेवटची तीन मिनिटं उद्याची. ‘उद्यापासून प्रेमाने वागेन’ हा संकल्प सकाळी चहाबरोबरच विरून जातो. जागा आणि वेळ असलेली एकच कृती ठरवा. शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणा आणि वही उघडा.

वहीतलं एक पान

समजा, मुंबईत नोकरी करणाऱ्या एका बाईंचं मंगळवारचं पान असं आहे:

‘९.१५ – माझ्या कामाचं श्रेय साहेबांनी दुसऱ्याला दिलं. राग. दिवसभर राहिला.
१२.३० – कॅन्टीनमध्ये नवीन मुलगी एकटीच बसली होती. तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. घाई होती म्हणून गेले नाही. घाई खरं तर नव्हती.
६.४० – आईचा फोन. तीच गुडघेदुखी. आज चिडले नाही, ऐकलं. फोन ठेवल्यावर हलकं वाटलं.
उद्या – साडेबाराला डबा घेऊन तिच्या टेबलावर.’

नजर साहजिकच पहिल्या ओळीवर जाते, कारण दिवसभर आवाज तिचाच मोठा होता. पण दुसरी ओळ पुन्हा वाचा. एक लहानशी ओढ आली. ती दुसऱ्या माणसाकडे नेणारी होती, तिला फार किंमत पडणार नव्हती, तिने जबरदस्ती केली नाही, आणि टाळल्यावर ती मुकाट्याने निघून गेली. एलीया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर देव वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत भेटला नाही. त्यानंतर आलेल्या मंद वाणीत भेटला (१ राजे १९). रोजच्या आयुष्यातली देवाची दिशा बहुतेक वेळा कॅन्टीनमधल्या त्या ओढीएवढीच असते. तिसऱ्या ओळीत उलट घडलं आहे. ऐकताना त्रासच झाला असेल, चव मात्र नंतर गोड लागली. आणि सकाळचा राग? तो देवाविरुद्धच असेल असं नाही. त्यात न्यायाची खरी चाडही असू शकते. एका पानावरून ते ठरवता येत नाही.

म्हणून रविवारी, मिस्सा किंवा उपासनेहून आल्यावर, आठवड्याची सात पानं एकत्र वाचा. वीस मिनिटं लागतात. ज्या नोंदीनंतर मोकळं वाटलं तिथे टिक करा, आवळलेलं वाटलं तिथे फुली. एकदाच आलेली गोष्ट मनाची लहर असू शकते. तीच ओढ तीन आठवड्यांत तीनदा टिक घेऊन आली, तर ती गंभीरपणे प्रार्थनेत मांडा.

ओढ देवाकडची आहे का, हे कसं तपासावं

पहिली चाळणी सोपी: ती देवाच्या आज्ञांच्या विरुद्ध जाते का? जात असेल तर पुढे तपासायची गरजच नाही. दुसरी, ती पाळली तर गलतीकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायातल्या नऊ फळांपैकी काही वाढतं का: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि पुढची. तिसरी कसोटी इग्नेशियस यांनी दिली आहे. देवाच्या वाटेवर चालणाऱ्या माणसाला चांगली प्रेरणा स्पंजात थेंब मुरावा तशी अलगद येते; वाईट प्रेरणा दगडावर पाणी आपटावं तशी, आवाज करत. ‘आत्ताच, नाहीतर कधीच नाही’ अशी घाई जिथे असेल तिथे एक रात्र थांबा. चौथी, विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट पाहा. सुरुवात सेवेची आणि शेवट ‘बघा, मी किती करतो’ असा होत असेल, तर मध्ये कुठे वळण आलं ते शोधा. पाचवी, ती शहाण्या माणसाला मोकळेपणाने सांगता येते का? जी प्रेरणा लपवून ठेवावीशी वाटते, तिच्यावर संशय घ्यावा.

सर्वांत जास्त फसगत होते ती शांती आणि सुटका यांच्यात. अवघड भेट रद्द केली की पाच मिनिटांत बरं वाटतं; ती सुटका. रात्रीपर्यंत तिच्या जागी टोचणी आलेली असते. शांती भीतीसोबतही राहू शकते. अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, तरी दिशा बदलली नाही. म्हणून ‘भीती वाटते, म्हणजे देवाची इच्छा नाही’ हा हिशेब चुकीचा आहे.

कोरडे दिवस

कधी आठवडाभर काहीच जाणवत नाही. प्रार्थना नकोशी वाटते, देव लांब वाटतो. अशा वेळचा नियम एकच आणि तो कडकपणे पाळावा: मन शांत असताना घेतलेला निर्णय कोरड्या दिवसांत बदलायचा नाही. राजीनामा नको, नातं तोडणं नको, रात्री अकराला लांबलचक मेसेज तर नकोच. उलट १५ च्या जागी १६ मिनिटं बसा; तो एक जास्तीचा मिनिट ‘मी पळालो नाही’ हे स्वतःला सांगण्यासाठी. झोप, जेवण, ताप, पाळी यांच्याकडेही पाहा, कारण पुष्कळदा कोरडेपणाचं कारण तिथेच सापडतं. झोप-भूक उडून, कशातच गोडी न वाटता दोन आठवडे गेले तर डॉक्टरांकडे जा. तो विश्वासाचा कमीपणा नाही. आणि जगणंच नको वाटू लागलं तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा.

जिथे हमखास चुकतं

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन उत्तर मानायचं, ही सवय सोडा. वचन संदर्भासह वाचलं तरच दिवा होतं. गिदोनाने लोकर ठेवून तिच्यावरच्या दंवावरून देवाकडे खूण मागितली, तिचा दाखला देऊन ‘अमुक झालं तर हो, तमुक झालं तर नाही’ अशा अटी घातल्या जातात. पण गिदोनाला आज्ञा आधीच स्पष्ट मिळाली होती, लोकर त्याच्या डळमळत्या मनासाठी होती (शास्ते ६). एखादा दरवाजा बंद झाला की त्याचा अर्थही लगेच आणि एकट्याने लावू नये. पौलाला आशियात आणि बिथुनियात जाऊ दिलं गेलं नाही, मग त्रोवसात त्याला रात्री दृष्टान्त झाला, आणि त्याचा अर्थ त्याने एकट्याने काढला नाही. ‘आम्ही’ अनुमान काढलं असं प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये लिहिलं आहे.

‘देवाने मला सांगितलं’ हे वाक्य दुसऱ्याच्या लग्नाबद्दल किंवा पैशाबद्दल कधीही वापरू नका. समोरच्याला नाही म्हणायची जागाच उरत नाही, आणि यातून घरं मोडतात. ‘मला प्रार्थनेत असं वाटतंय, तुम्हीही तपासून पाहा’ एवढंच म्हणा.

वही केवळ पापांची यादी होऊ लागली, तर आठवडाभर फक्त आभार लिहा. चुकलेले दिवस मागून भरू नका, आजपासून लिहा.

मोठा निर्णय असेल तर

दोन्ही पर्याय चांगले असतील तेव्हाच हे करायचं. समजा, आखातातल्या नोकरीला जायचं की इथेच राहायचं हा प्रश्न आहे. तीन दिवस ‘जायचं ठरलं’ असं धरून वावरा आणि रात्रीची चव लिहा. पुढचे तीन दिवस ‘राहायचं ठरलं’ असं धरून. एका पानावर चार रकाने पाडा: गेलो तर फायदे, गेलो तर तोटे, राहिलो तर फायदे, राहिलो तर तोटे. मग इग्नेशियस यांनी सुचवलेले दोन प्रश्न: अगदी अनोळखी माणूस याच पेचात असता तर त्याला काय सांगितलं असतं? आणि मरणाच्या दारात उभा असताना काय निवडलेलं असावं असं वाटेल? रकान्यांचं, चवीचं आणि या प्रश्नांचं उत्तर एकाच बाजूला झुकत असेल, तर निर्णय घ्या आणि तो देवापुढे ठेवा. झुकत नसेल आणि मुदत असेल, तर आणखी थांबा.

सोबत

महिन्यातून एकदा पाऊण तास कोणाजवळ तरी हे बोला. फादर, सिस्टर, पाळक किंवा मंडळीतली एखादी मुरलेली आजी. फक्त त्या निर्णयात ज्यांचा स्वतःचा फायदा-तोटा आहे असं माणूस नको. सगळी वही नेऊ नका. महिन्याभरातल्या तीनच नोंदी निवडा, त्यांतली निदान एक फुलीची. त्या वाचून दाखवा आणि थांबा. जाणत्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘मग काय केलंत?’ हा नसतो. तो असतो, ‘त्यानंतर कसं वाटलं?’