आकड्यामागचे कारण: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना चिकित्सक विचार कसा शिकवावा

चिकित्सक विचार वर्गात व्याख्या सांगून येत नाही. तो रुग्णाच्या खाटेशी, नोंदींचा कागद हातात असताना शिकवावा लागतो. सुरुवात एकाच रुग्णापासून करावी.

समजा, पोटाची शस्त्रक्रिया झालेला, 60 किलो वजनाचा रुग्ण आहे. तासातासाच्या तीन नोंदींत नाडी 88, 102, 116. रक्तदाब 124/78, 120/84, 114/88. आणि लघवी 45, 30, 18 मिली. विद्यार्थिनी सांगते, "मॅडम, बीपी नॉर्मल आहे." त्या एका आकड्यापुरते ते खरेही असते. अशा वेळी लगेच चूक दाखवू नये. तिला तिन्ही नोंदी ओळीने मोठ्याने वाचायला लावाव्यात आणि वरच्या व खालच्या दाबातले अंतर 46 वरून 26 वर का आले, हे विचारावे. आत रक्तस्राव होत असताना शरीर रक्तवाहिन्या आकुंचित करून दाब काही काळ सावरून धरते, म्हणून रक्तदाब उशिरा कोसळतो. हे तिने पुस्तकात वाचलेले असते, पण त्याची या कागदाशी सांगड तिने स्वतः घालायला हवी.

यानंतर "आणखी काय असू शकेल?" हा प्रश्न आवर्जून विचारावा. वेदनेनेही नाडी वाढते. कॅथेटरची नळी दुमडली तरी युरोबॅगेत, म्हणजे लघवी साठणाऱ्या पिशवीत, लघवी कमी दिसते. मग हातपाय गार आहेत का, ड्रेसिंग भिजले आहे का, ड्रेनमध्ये (शस्त्रक्रियेच्या जागेतून रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत) किती रक्त आले, हे तिने पाहून यावे. रुग्ण मेटोप्रोलॉल हे नाडी मंद ठेवणारे औषध घेत असेल, तर रक्तस्राव होऊनही नाडी फारशी वाढणार नाही, हेही तिच्या लक्षात आणून द्यावे. मात्र रुग्ण खरोखरच खालावत असेल, तर शिकवणे तिथेच थांबवून आधी इन्चार्ज सिस्टरना आणि डॉक्टरांना कळवावे.

श्वसनाचा वेग हा सर्वांत दुर्लक्षित आकडा आहे. एकाच वॉर्डातल्या सगळ्या रुग्णांपुढे 20 लिहिलेले दिसले, तर कोणीही मोजलेले नाही असे समजावे आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजून घ्यावे.

डॉक्टरांना काय सांगायचे, त्याचाही सराव हवा. "पेशंटला बरं वाटत नाहीये" एवढे पुरत नाही. शस्त्रक्रिया कोणती व केव्हा झाली, कोणते आकडे कसे बदलले, आपल्याला कशाची शंका आहे आणि त्यांनी काय करावे, हे तिने अर्ध्या मिनिटात सांगावे. उत्तर चुकल्यास रुग्णासमोर रागावू नये, कारण एकदा अपमान झालेली मुलगी पुढच्या वेळी शंका मनातच ठेवते, आणि ते रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

दुसऱ्या दिवशी तिला त्याच रुग्णाकडे न्यावे आणि कालचा आपला कोणता अंदाज चुकला, ते तिच्याकडूनच केअर प्लॅनमध्ये लिहून घ्यावे.