गोव्याच्या किनाऱ्यावरच्या फेस्ताला बेळगावातनं जायचं असेल तर

आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या लोकांचा गोवा म्हणजे ठरलेला, चोर्ल्यातनं उतरायचं, कळंगुट, बागा, परत येताना ओल्ड गोव्याला चर्चसमोर ग्रुप फोटो, झालं. पण कॅम्पात, खानापुरात, लोंढ्याला आपल्या शेजारीपाजारी जे कोंकणी बोलणारे ख्रिश्चन लोक आहेत त्यातल्या कितीतरी जणांचं मूळ गाव नाहीतर आजोळ तिकडं असतंय, आणि वर्षातनं एकदा ते सहज म्हणतात, फेस्ताक यो, म्हणजे आमच्या चर्चच्या वार्षिक सणाला या. हे बोलावणं आलं तर टाळू नका. त्यासाठीच हे लिहितोय, म्हणजे कुठलं फेस्त बघायचं, कसं पोचायचं, चर्चमध्ये काय करायचं आणि जेवायला बसल्यावर काय विचारून घ्यायचं.

आधी गाव कसं असतंय ते समजून घ्या, मग बाकीचं सोपं जातं. किनाऱ्यावरच्या गावाचं मुख्य चर्च बऱ्याचदा वाळूवर नसतंय. कोळव्याचंच बघा, चर्च गावात आणि समुद्र तिथनं पुढं. मधे शेतं, माड, घरं, आणि अगदी वाळूला लागून खारव्यांचा म्हणजे मासेमारी करणाऱ्यांचा वाडा. एका चर्चच्या हाताखाली असे बरेच वाडे येतात आणि जवळपास प्रत्येक वाड्याचं आपलं छोटं कोपेल म्हणजे लहान चर्च, नाहीतर निदान रस्त्याकडेला एक खुरीस म्हणजे क्रूस असतोच. मुख्य चर्चचं फेस्त वेगळं, कोपेलाचं वेगळं, खुरसाची लदीन, म्हणजे क्रुसापुढची प्रार्थना, वेगळी. सगळ्यावर विगार, म्हणजे तिथला मुख्य फादर, पण फेस्ताचा खर्च आणि धावपळ गावातल्या माणसांची. त्या वर्षीचा जो मानकरी असतो त्याला प्रेझिदेंत म्हणतात, बँड, फुलं, फटाके, मिसेनंतरचं, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेनंतरचं, खाणंपिणं बहुतेक त्याच्याच अंगावर. कोण कुठल्या रंगाचा झगा घालून पुरसांवात म्हणजे मिरवणुकीत चालणार, कुठलं फेस्त गांवकारांचं म्हणजे गावातल्या जुन्या मूळ घराण्यांचं आणि कुठलं बाकीच्यांचं, यावरनं काही गावांत जुनी भांडणं आहेत, जातपात तिथंही सुटलेली नाही. तुम्ही पाहुणे, तो विषय आपणहून काढू नका.

आता कुठलं फेस्त. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी ६ जानेवारीचं कासावलीचं तीन राजांचं फेस्त सांगीन. कासावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांतनं एकेक पोरगा राजा होतो, मुकुट, झगा, सगळा थाट, आणि तिघं तीन वाटांनी घोड्यावरनं टेकडीवरच्या रेमेदिओस सायबिणीच्या, म्हणजे मारिया मातेच्या, कोपेलाकडं जातात. हवा चांगली, घाट कोरडा, आणि आरोशीचा किनारा जवळच. कोळव्याला ऑक्टोबरात मेनिन जेजूची फामा म्हणजे मोठं फेस्त असतं, एका सोमवारी, तारीख दरवर्षी हलते म्हणून आधी विचारून घ्यायची. ही बाळ येशूची मूर्ती १६४८ साली एका जेझुइट फादरनं कोळव्याला आणली, त्याला ती मोझांबिकच्या किनाऱ्याजवळ मिळाली असं सांगतात. फामाच्या दिवशी मूर्ती दर्शनाला खाली काढतात, आणि लोक मूर्तीच्या उंचीइतक्या मापाच्या दोऱ्या, मेदीद म्हणतात, घरी नेतात. गर्दी तुफान. लहान पोरं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर सकाळी लवकर जाऊन दुपारच्या आत बाहेर पडा.

पावसाळ्यातलं बघायचं असेल तर २४ जूनचं सांजांव सगळ्यांना माहीत आहे, विहिरीत उड्या, डोक्यावर पानाफुलांचा मुकुट, त्यालाही कोपेलच म्हणतात. त्यापेक्षा २९ जूनचं सांगोड बघा. हे सेंट पीटरचं, आणि पीटर स्वतःच मासे धरणारा, म्हणून हे खरं कोळ्यांचं फेस्त. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून वर फळ्या टाकतात, त्यावर मांडव, कधी चर्चच्या तोंडासारखी सजावट, आणि त्या तरंगत्या स्टेजवर गाणी आणि छोटी नाटकं करत नदीतनं जातात. कांदोळीकडं बघायला मिळतं. तेव्हा १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मशीनच्या बोटींना मासेमारी बंद असते, ट्रॉलर नांगरलेले, माणसं मोकळी.

पण खरं सांगायचं तर या मोठ्या नावांपेक्षा ओळखीच्या माणसाच्या वाड्यावरच्या कोपेलाचं फेस्त कधीही भारी. तिथं पार्किंगची मारामारी नाही, आणि तुम्ही कुणाकडचे पाहुणे हे दहा मिनिटांत अख्ख्या वाड्याला कळलेलं असतंय.

जायचं कसं. बार्देशात म्हणजे कांदोळी, शिवोली बाजूला जायचं असेल तर जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी. पणजीपर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर, वेळ मात्र तीन-साडेतीन तास धरा. कोळवा, बाणावली, कासावली ही सासष्टी-मुरगाव बाजू, तिकडं खानापूर, लोंढा, अनमोड, मोलें, फोंडा असं मडगाव. गाडी चालवायची नसेल तर लोंढ्यावरनं दूधसागरच्या लाइननं मडगावला उतरायचं, गोवा एक्सप्रेस बेळगावलाही थांबते. मडगावहून कोळवा सहाएक किलोमीटर. जूनमध्ये घाटात धुकं आणि दगडमाती दोन्ही, रात्रीचा प्रवास नको.

बरोबर काय न्यायचं हा प्रश्नच नाही, कुंदा. अर्धा किलोचे दोन डबे घ्या, एक घरात आणि एक त्यांच्या शेजाऱ्यांत वाटला जातो. केक नेऊ नका, तिथं घरोघरी आपल्यापेक्षा चांगला होतो.

कपडे साधे, पण नीट. हाफ पँट, बनियनसारखे टीशर्ट चर्चमध्ये नको, फेस्ताला तिथली माणसं कोट-टाय घालून येतात आणि बायका इस्त्रीच्या ड्रेसात. चपला बाहेर काढायच्या नसतात, आपल्याला सवयीनं काढाव्याशा वाटतात, पण कोण काढत नाही. आत गेल्यावर मागच्या बाकावर बसा. सगळे उठले की उठा, बसले की बसा, गुडघे टेकले तर नुसतं गप्प बसून राहिलात तरी चालतंय. मिस कोंकणीत असते, आपल्याला निम्म्याहून जास्त कळतं, फक्त पुस्तिका रोमी लिपीत म्हणजे इंग्रजी अक्षरांत असते त्यामुळं गाणं शोधताना धांदल होते. थैली किंवा टोपली फिरते तेव्हा दहा-वीस रुपये टाका. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, लोक रांगेनं पुढं जाऊन फादरच्या हातनं जी पांढरी पातळ चकती घेतात ती प्रसाद म्हणून घ्यायला जाऊ नका. आपल्याकडं देवळात प्रसाद नाकारणं वाईट दिसतं, इथं उलट आहे, ती फक्त बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक माणसानं घ्यायची. जागेवर बसून राहा, कोणी काही म्हणत नाही. फोटो त्या वेळी अजिबात नको, पुरसांव बाहेर पडल्यावर पाहिजे तेवढे काढा. मेणबत्ती लावायची इच्छा असेल तर बाहेर खुरसाकडं लावा, तिथं जातधर्म कोण विचारत नाही. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला तर हिंदू लोकही तेल घेऊन येतात, ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी, सोमवारी तिचं फेस्त असतंय.

मिस झाली की फेरी, म्हणजे आपल्या जत्रेतली दुकानं. खाजें घ्याच. बेसनाच्या कांड्या गुळात घोळलेल्या, वर तीळ आणि आल्याचा झणका. कडक निघाली तर घेऊ नका, बोटांनी एक मोडून बघायची, आतनं खुसखुशीत पाहिजे आणि गूळ हाताला चिकटता कामा नये. दुकानदार मोडू देतो.

दुपारचं जेवण हा मोठा कार्यक्रम. सोरपोतेल हे डुकराच्या मांसाचं, लालभडक, आंबट, आणि सान्नांबरोबर. सान्नां म्हणजे इडलीचीच बहीण, फक्त जुन्या पद्धतीत पीठ माडाच्या सुरेनं फुगवतात. घरात कोणी डुक्कर, बीफ खात नसेल तर ताटावर बसल्यावर नाक मुरडण्यापेक्षा आदल्या दिवशी फोनवर सांगा, मासे, कोंबडी, भाजी असतेच आणि सांगितलेलं कोणाला खटकत नाही. ज्या दिवशी आपला उपवास असेल त्या दिवशी जाऊच नका, आंटी ऐकणार नाहीत.

शक्य असेल तर रात्री मुक्काम करा, कारण दुसऱ्या दिवशीची सकाळ हीच खरी बघायची. उजाडायला वाळूवर जा. कुठं रापण लागली असेल तर होडीनं जाळं समुद्रात अर्धगोल टाकलेलं असतंय आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, दोन रांगा ते ओढत मागं मागं सरकतात, शेवटचा माणूस दोर सोडून पळत पाण्याकडं जाऊन परत पकडतो. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग रांगा एकमेकींच्या जवळ येतात, घार-कावळे जमतात, पाण्यात चंदेरी खळबळ दिसायला लागते, आणि पिशवी वाळूवर आली की तारले, बांगडे, लेपो, मधेच प्लॅस्टिक. हात लावायचा असेल तर विचारून लावा, बहुतेक वेळा हो म्हणतात आणि शेवटी मूठभर मासे हातावर ठेवतात. ते नाकारायचे नाहीत. ट्रॉलर आल्यापासनं रापणी कमी झाल्यात, त्यामुळं रोज दिसेल याची खात्री नाही.

बाणावलीला असाल तर तिथलं सेंट जॉन बाप्टिस्टचं चर्चही बघून घ्या. श्रीलंकेत जाऊन काम केलेले जुझे वाझ १६५१ साली याच गावात जन्मले, २०१५ मध्ये कोलंबोत पोपनी त्यांना संत जाहीर केलं, आणि १६ जानेवारीला त्यांचं फेस्त असतंय. कासावलीचं हुकलं तर दहा दिवसांनी हे आहे.

निघताना यजमान फेणीची बाटली पुढं करणार. प्रेमानं देतात, पण कर्नाटकात शिरताना चेकपोस्टवर गाडी उघडून बघतात आणि तिथं प्रेम सांगून उपयोग नाही, तेव्हा बाटली तिथंच ठेवा आणि त्याऐवजी खाजें, दोदोल ही गूळ-नारळाची मिठाई, सुके बांगडे मागून घ्या. सुके बांगडे मात्र दोन पिशव्यांत बांधून डिकीत टाका, नाहीतर कणकुंबी येईपर्यंत गाडीतली सगळी मंडळी खिडक्या उघडून बसतात.