पावसाळी सह्याद्रीचा फोटो मळकट दिसतोय? एडिट करताना या चुका टाळा

ऑगस्टमधली सकाळ. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून संजीवनी माचीचा फोटो काढलाय. माचीची तटबंदी वळणं घेत लांब गेलेली, तिच्यामागे तोरणा, मधल्या दरीत ढग. प्रत्यक्ष बघताना अंगावर काटा आला होता. घरी येऊन फोटो उघडावा तर सगळं पांढुरकं, काचेवर वाफ धरावी तसं. अशा वेळी हात आधी सॅच्युरेशनकडे, म्हणजे रंग भडक करणाऱ्या स्लायडरकडे जातो, आणि फोटो तिथेच बिघडायला लागतो.

माझ्याकडे दर पावसाळ्यात ट्रेकर मित्रमैत्रिणींचे असे फोटो येतात, 'जरा बघ ना, काय चुकलंय' म्हणून. बहुतेकांत गवत रेडियमसारखं चमकत असतं, पण फोटो मात्र तितकाच मेलेला असतो. कारण त्यात रंगांची कमी नव्हतीच, कमी होती ती उजेड आणि सावलीतल्या फरकाची. हवेतलं बाष्प उजेड चहूकडे पसरवतं आणि त्या पांढऱ्या उजेडाचा पातळ थर सगळ्या चित्रावर चढतो. मग कड्याच्या कपारीसुद्धा काळ्या न राहता राखाडी होतात. हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं असा उजेडाचा आलेख) उघडून बघा, सगळा ढीग मधोमध आणि डावा कोपरा रिकामा दिसेल.

म्हणून आधी उजेड, रंग नंतर. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ब्लॅक्सचा (सगळ्यात गडद भागांचा) स्लायडर ऑल्ट की दाबून ठेवून डावीकडे सरकवा. पडदा पांढरा होतो आणि जिथे तपशील पूर्ण बुडतोय तिथे ठिपके उमटू लागतात. कपारीत पहिले चार ठिपके दिसले की थांबा. व्हाइट्सला (सगळ्यात उजळ भागांना) हेच उलट करायचं, तिथे पडदा काळा होतो. माझ्या त्या तोरण्याच्या फोटोत ब्लॅक्स उणे २८, व्हाइट्स अधिक १५ आणि ढगांसाठी हायलाइट्स उणे ४० एवढंच केलं होतं. रंगाला बोटही लावलं नव्हतं, तरी गवत हिरवं दिसू लागलं. मोबाइलवर स्नॅपसीड वापरत असाल तर कर्व्ह्जमध्ये डाव्या तळाचा बिंदू थोडा उजवीकडे ओढा, परिणाम साधारण तोच मिळतो.

डीहेझची घाई

सगळ्यात जास्त फोटो धुकं कमी करणाऱ्या या एका स्लायडरने बिघडलेले मी पाहिलेत. पन्नास-साठपर्यंत नेला की पहिल्या क्षणी जादू वाटते. धुकं जातं, तोरणा करकरीत दिसतो. पण मिनिटभर बघत राहा. तोरणा माचीला चिकटल्यासारखा वाटेल. जवळची डोंगररांग गडद, पुढची फिकट आणि शेवटची निळसर, या उतरत्या पायऱ्यांवरूनच आपल्या डोळ्यांना अंतर कळतं. त्या पायऱ्या पुसल्या की मधली सगळी दरी नाहीशी होते.

डीहेझ वापराच, पण मास्क लावून. ब्रशने फक्त माची आणि तिच्या अलीकडचा उतार निवडा, तिथे १५ ते २५ द्या आणि तोरण्याला जवळजवळ हात लावू नका. जवळचं ठसठशीत झालं की लांबचं आपोआप लांब दिसतं. डीहेझबरोबर रंगही गडद होतात आणि सावल्यांत निळी झाक येते, तेव्हा त्या भागाचं सॅच्युरेशन थोडं उतरवायचं.

डीहेझनंतर आकाशात अचानक करडे गोल डाग दिसले तर घाबरू नका, ते सेन्सरवरच्या धुळीचे आहेत. आधीपासून होतेच, आता उघडे पडले. हीलिंगने काढून टाका.

पोपटी गवत

पावसातलं गवत आपण हिरवं म्हणतो, पण फोटोत त्यातला मोठा भाग पिवळ्या रंगात मोडतो. हिरव्याचा स्लायडर कितीही हलवला तरी फरक पडत नाही, अशी तक्रार त्यामुळेच येते. कलर मिक्सरमध्ये पिवळ्याची छटा थोडी हिरव्याकडे न्या, सॅच्युरेशन दहा-पंधराने कमी करा आणि हिरव्याची ल्युमिनन्स (उजळपणा) किंचित उतरवा. ओलं गवत खरं तर असंच असतं, गडद आणि जड. एवढं करूनही रंग वाढवावासा वाटला तर सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स घ्या, तो आधीच भडक असलेल्या रंगांना कमी हलवतो.

व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (राखाडी जागा दाखवून रंगांचा तोल साधायचं टूल) ढगावर टेकवायची सवयही सोडा. ढगात निळी झाक खरोखरच असू शकते. ती पुसायला गेलं की उरलेला फोटो पिवळा पडतो. तटबंदीचा शेवाळ नसलेला बेसॉल्टचा दगड शोधा, तो जवळपास राखाडी असतो.

हे दिसलं तर कारण काय?

डोंगराच्या कडेला पांढरी किनार आली असेल तर क्लॅरिटी (कडा ठसठशीत करणारा स्लायडर) किंवा शॅडोज (सावल्या उजळणारा) जास्त झालेत. अर्ध्यावर आणा. आकाशात पट्टे उमटले तर बहुधा तुम्ही जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने दाबून लहान केलेली फाइल ताणताय. त्यात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) १६,३८४. धुक्याच्या फोटोत सगळा तपशील मधल्या थोड्याच पायऱ्यांत कोंबलेला असतो आणि आपण तोच ओढून पसरवतो, म्हणून तिथे जेपेग लवकर फाटतं. पावसाळ्यात तरी रॉमध्येच काढा. हल्लीच्या बऱ्याच मोबाइलांतही ती सोय आहे.

स्क्रीनवर झकास आणि प्रिंटमध्ये काळोख, हा अनुभव मी स्वतः घेतलाय. लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण वर होता, त्यामुळे फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटत होता आणि मी तो खाली आणत गेलो. आता ब्राइटनेस मध्यावर ठेवतो, रात्रीचा पिवळसर मोड बंद करतो आणि शक्यतो दिवसाउजेडी एडिट करतो.

आकाश बदलायच्या बटणाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. ऑगस्टमधल्या राजगडावर केशरी संध्याकाळ चिकटवली तरी खाली माचीवर एकही लांब सावली पडलेली नसते. उजेड वरून सपाट आलेला आणि आकाशात मावळता सूर्य, हे कुणालाही खटकतं, का ते सांगता आलं नाही तरी. आणि त्या सकाळचे ढग तुम्ही तीन तास चिखल तुडवून पाहिले होते, ते कशाला फेकायचे?

आकाश पूर्ण पांढरं जळालं असेल तर मात्र कुठल्याच स्लायडरने ते परत येत नाही, कारण फाइलमध्ये तिथे काहीच नोंदलेलं नसतं. असा फोटो कृष्णधवल करून बघा. वरचा कोरा भाग कापून चौकट आडवी, लांबट करा, हिरवा-पिवळा गडद करून माचीची वळणं पुढे आणा. माझ्याकडे तोरण्याचा असा एक आहे. त्यात आकाश नाहीच, माचीची रेघ तेवढी ढगात शिरताना दिसते.