कमी बजेटचा पीसी असेंबल करताय? एसएमपीएसची ओळ आधी वाचा

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला पीसीचं कोटेशन मागा. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी अशा ओळी मॉडेल नंबरसकट येतात आणि तळाशी एक ओळ असते: 'कॅबिनेट विथ एसएमपीएस'. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज पीसीला चालेल अशी करून देणारा कॅबिनेटमधला डबा, पॉवर सप्लाय. पण त्या ओळीत कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही, बऱ्याचदा वॅटसुद्धा नाहीत. २०१२ पासून मी नातेवाइकांसाठी, सोसायटीतल्या मुलांसाठी, ओळखीच्या एक-दोन ऑफिसांसाठी पीसी जोडून देतोय. 'चालता चालता बंद पडतो' म्हणून माझ्याकडे जेवढे पीसी आले, त्यातल्या बहुतेकांचं दुखणं त्याच तळाच्या ओळीत निघालं. तरीही सल्ला विचारला की लोक आधी सांगतात ते 'ग्राफिक्स कार्ड टाक' आणि 'लाइटवालं कॅबिनेट घे'. त्या सल्ल्यांपायी पैसे गेलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहितोय.

काम ठरवा, मग प्रोसेसर

अभ्यास, टॅली, एक्सेल, ऑनलाइन क्लास, थोडं फोटो-व्हिडिओ एडिटिंग आणि अधूनमधून हलके गेम, एवढंच असेल तर रायझेन ५ ५६००जी घ्या. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅट आणि ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच. गेम अजिबात खेळायचे नसतील तर इंटेलचा आय३-१२१०० पुरेसा आहे. फक्त शेवटी 'एफ' आहे का ते बघा. १२१००एफ थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स नसतात. वेगळं कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर काहीच येणार नाही. 'सगळं जोडलं, पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही' असा फोन आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

'आय५, १६ जीबी, ५१२ एसएसडी, फक्त दहा हजार' अशी जाहिरात दिसली तर विचारा: कितवी जनरेशन? बहुतेक वेळा आत २०११-१२ चा, दुसऱ्या किंवा तिसऱ्या जनरेशनचा आय५ असतो आणि त्याखाली एच६१ चिपसेटचा बोर्ड. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच चालतं आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचं बजेट खरोखरच तेवढंच असेल तर कंपन्यांमधून निघालेला, आठव्या किंवा नवव्या जनरेशनचा रिफर्बिश्ड डेस्कटॉप घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट चार वर्षं निश्चिंत राहाल.

ग्राफिक्स कार्ड: हवं असेल तर खरं घ्या, नाहीतर घेऊच नका

कोटेशनमध्ये '४ जीबी ग्राफिक्स' म्हणून जीटी ७३० टाकलेलं असेल तर ती ओळ खोडायला सांगा. हे कार्ड २०१४ चं आहे. ५६००जीच्या आतले ग्राफिक्स त्याच्यापेक्षा सरस आहेत, म्हणजे पैसे देऊन तुम्ही पीसी मागे नेताय. ४ जीबी हा आकडा मेमरीचा आहे, ताकदीचा नाही. खरंच १०८०पी वर, म्हणजे फुल एचडीत, गेम खेळायचे असतील तर आरएक्स ६६०० च्या तोलाचं कार्ड घ्या, आणि आज पैसे नसतील तर सहा महिने थांबा. ५६००जीवर तोवर काम अडत नाही.

एसएमपीएस: इथे सावकाश वाचा

माझा दुसराच पीसी. कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस, वर ठळक अक्षरांत '४५० वॅट'. वर्षभर ठीक चालला. मग मी एक साधंसं ग्राफिक्स कार्ड लावलं आणि भावाच्या इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टचं रेंडरिंग सुरू झालं की पीसी आपोआप रिस्टार्ट व्हायला लागला. कधी दहा मिनिटांनी, कधी दोन तासांनी. सगळ्यांनी सांगितलं, रॅम सैल असेल. रॅम काढून तिचे सोनेरी पॉइंट खोडरबरने पुसले. विंडोज दोनदा टाकलं. मदरबोर्ड सर्व्हिस सेंटरला नेऊन दाखवला, 'बोर्ड ओके' म्हणून परत आला. तीन महिने असेच गेले. एका संध्याकाळी पट् असा आवाज झाला, जळका वास आला आणि पीसी गेला. सोबत मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही. आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो त्याच डिस्कवर होते आणि त्यांची दुसरी कॉपी कुठेच नव्हती. ते गेले ते गेलेच.

ओळखीच्या एका टीव्ही मेकॅनिकने तो एसएमपीएस उघडून मला दाखवला. वीज आत शिरते तिथे फिल्टरच्या कॉइलची जागा छापलेली होती, पण कॉइलऐवजी तारेचे तुकडे डाखले होते. दोन कपॅसिटरची टोपणं फुगून वर आली होती. हीटसिंक म्हणून बिस्किटाएवढी अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी. ४५० वॅटचा पत्ताच नव्हता, फक्त स्टिकर होता.

तेव्हापासून मी कोणताही एसएमपीएस स्टिकरवरचा तक्ता वाचल्याशिवाय घेत नाही. तुम्हीही दुकानात बॉक्स हातात घ्या, उलटा करा आणि तक्ता शोधा. त्यात ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट असे रकाने असतात. बघायचा तो १२ व्होल्टचा. त्याखाली लिहिलेल्या अँपिअरला १२ ने गुणा. १४ अँपिअर असतील तर झाले १६८ वॅट. बॉक्सवर ४५० लिहिलं असलं तरी तुमच्या प्रोसेसरच्या आणि कार्डाच्या वाट्याला एवढेच येणार आहेत. पेंटियम ४ च्या काळापासून प्रोसेसरची वीज १२ व्होल्टवरून घेतली जाते, ग्राफिक्स कार्डही मुख्यतः तिथूनच खातं. ३.३ आणि ५ व्होल्टचे मोठाले आकडे मिळवून फुगवलेली बेरीज आजच्या पीसीच्या काही उपयोगाची नाही. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसला १२ व्होल्टवर ३५-३६ अँपिअरच्या आसपास मिळतात, म्हणजे जवळपास सगळी ताकद तिथेच.

काही स्टिकरवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात, १२व्ही१ आणि १२व्ही२. त्यांची सरळ बेरीज करू नका. खालच्या ओळीत दोन्ही मिळून किती वॅट ते दिलेलं असतं, तोच आकडा धरा. ती ओळच नसेल तर तो एसएमपीएस परत ठेवा.

दुसरी खूण म्हणजे ८० प्लसचा शिक्का. याचा अर्थ भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के पीसीपर्यंत पोचते, उरलेली उष्णता होऊन जाते. ब्राँझ असेल तर आणखी थोडी जास्त पोचते. हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, टिकाऊपणाची हमी नाही. तरीही कमी बजेटमध्ये तो चाळणी म्हणून उपयोगी पडतो, कारण नुसत्या स्टिकरवर विकला जाणारा माल सहसा त्या चाचणीपर्यंत पोचतच नाही. शिवाय वॉरंटी बघा. जी कंपनी पाच वर्षं द्यायला तयार आहे, तिला आपला माल माहीत असतो.

आता किती वॅट? इथे उलट्या टोकाचा चुकीचा सल्लाही भरपूर मिळतो. '७५० च्या खाली जाऊच नको' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ५६००जीचा पीसी ग्राफिक्स कार्डाशिवाय पूर्ण लोडवरही दीडशे वॅटच्या आत राहतो. आरएक्स ६६०० स्वतः १३२ वॅट घेतं. ते लावलं तरी सगळं मिळून पावणेतीनशेच्या आसपास. म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे: चांगल्या कंपनीचा ४५० वॅट, ८० प्लस ब्राँझ. पुढे मोठं कार्ड घ्यायचं नक्की असेल तर ५५०. अडीच-तीन हजार जातील. कॅबिनेटसोबतचा पाच-सहाशेत पडतो हे मला माहीत आहे. मधले दोन हजार कॅबिनेटमधून काढा, लाइटच्या पंख्यांमधून काढा, एसएसडी १ टीबीची ५०० जीबी करा. इथून काढू नका.

कार्डासाठी लागणारी ६ किंवा ८ पिनची वायर एसएमपीएसमधूनच यायला हवी. साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, वायरीला कन्व्हर्टर लावून कार्ड चालवून देणारे दुकानदार आहेत. साटाचा कनेक्टर एवढा करंट वाहायला बनवलेलाच नाही, तो वितळतो. मी वितळलेला काढलाय, कार्डाच्या कनेक्टरला चिकटून बसला होता.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार घडते. लाइट जाते, यूपीएस टूं टूं वाजतो, तरीही पीसी रिस्टार्ट होतो. माणूस यूपीएसची बॅटरी बदलतो, पुन्हा तेच. साध्या यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या मुख्य कपॅसिटरमधल्या साठ्यावर पीसी तगवून धरायचा असतो. चांगला एसएमपीएस भरपूर लोडवरही साधारण १६ मिलिसेकंद धरतो. स्वस्तात कपॅसिटरच लहान असतो, त्यामुळे तो आधीच मान टाकतो. बॅटरीचे पैसे घालण्याआधी ओळखीच्यांकडून चांगला एसएमपीएस आणून एकदा लावून बघा.

आणि अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात? 'पीसीला करंट येतोच' म्हणून सोडून देऊ नका. एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना पत्र्याशी जोडतात आणि तिथून झिरपणारा किंचित करंट अर्थिंगमधून जाणं अपेक्षित असतं. अर्थिंग नसेल तर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, पत्र्यावर येऊन बसतात. जुन्या वाड्यांमध्ये आणि चाळींमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग घालून घ्या. तीन पिनांचं दोन पिन करणारं कन्व्हर्टर पीसीला लावू नका.

बोर्ड, रॅम, एसएसडी

५६००जीसाठी ए५२० किंवा बी५५० बोर्ड, १२१०० साठी एच६१०. दुकानात पडून राहिलेला जुना बी४५० घेतला तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, प्रोसेसर ओळखणारं) अपडेट असल्याची खात्री दुकानातच करून घ्या. बॉक्सवर 'रायझेन ५००० डेस्कटॉप रेडी' असं स्टिकर असेल तर उत्तम. एच६१० डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतो आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, त्यामुळे बोर्ड आणि रॅम एकाच बिलात घ्या.

रॅम १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या. ५६००जीचे ग्राफिक्स रॅमवरच चालतात आणि एकाच पट्टीवर गेममधला वेग चांगलाच पडतो. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत. दोन परवडत नसतील तर आज ८ ची एक घ्या, तिचा मॉडेल नंबर लिहून ठेवा आणि पुढे तीच दुसरी घ्या. चार स्लॉटच्या बोर्डात प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा.

एसएसडी एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डात बसणारी, ५०० जीबी. एसएसडी ज्या मार्गाने प्रोसेसरशी बोलते तो पीसीआयई ५६००जीत ३.० चाच, म्हणजे जेन ३ आहे, त्यामुळे जेन ४ ची एसएसडी असली तरी ती जेन ३ च्याच वेगाने चालेल. जास्तीचे पैसे देऊ नका.

कॅबिनेट

समोर जाळी हवी, काच नको. बस.

खरेदी आणि पहिला स्टार्ट

'बिलाशिवाय देतो, १८ टक्के वाचतील' असं कोणी म्हटलं तरी पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून मागा. प्रोसेसर सीलबंद बॉक्सचाच. ट्रे पीसमध्ये, म्हणजे बॉक्सशिवाय सुट्या मिळणाऱ्या प्रोसेसरमध्ये, कूलर येत नाही आणि कंपनीची वॉरंटीही मिळत नाही. बॉक्समधल्या कूलरला थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारी) लावलेली असते, वर आणखी थापू नका.

पीसी सुरू झाला की बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २६६६ किंवा त्याहून कमी वेगाने चालत राहील. विंडोज टाकल्यावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीसमोर आकडा दिसतो, तो तपासा. मग रेंडरिंग किंवा एखादा जड गेम लावून तासभर पीसी तसाच चालू ठेवा. अधेमध्ये यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून बघा. पीसी चालू राहिला पाहिजे.

बॉक्स वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. आणि बिल थर्मल कागदावरचं असेल तर त्याच दिवशी फोटो काढा. वर्षभरात त्यावरची अक्षरं उडतात आणि कोरा कागद सर्व्हिस सेंटरवाले घेत नाहीत.